जागा देणारं घर

२०२४ साली अमेरिकेत गाण्यांचा एक नवा अल्बम प्रसिद्ध झाला. नाव अगदी साधं, ‘साँग्ज ऑफ लव्ह अँड लाइफ’. म्हणजे प्रेमाची आणि जगण्याची गाणी. गायक डेल मकूरी. तेव्हा त्यांचं वय होतं ८५. त्यांच्या एका बाजूला मेंडोलिन घेऊन थोरला मुलगा रॉनी, दुसऱ्या बाजूला बँजो घेऊन धाकटा रॉब. रॉनी वडिलांच्या बँडमध्ये आला १९८१ साली, तो १४ वर्षांचा असताना. म्हणजे हा अल्बम निघाला तेव्हा बाप-लेकांच्या सहवादनाला ४३ वर्षं झाली होती.

आता तुम्ही म्हणाल, कुठली अमेरिका, कुठले हे मकूरी, आणि आम्हाला त्याचं काय? पण प्रश्न घरोघरीचा आहे. वडाच्या झाडाखाली दुसरं झाड वाढत नाही, असं आपण म्हणतो. नामवंत वकिलाचा मुलगा वकील झाला, गवयाचा मुलगा गायला बसला, दुकानदाराचा मुलगा गल्ल्यावर बसला, की लोक हेच वाक्य म्हणतात, आणि बऱ्याचदा ते खरंही ठरतं. मग एका घरात चाळीस वर्षांहून अधिक काळ बाप आणि मुलगे एकाच मंचावर उभे राहतात आणि तरी कुणी खुरटत नाही, हे कसं जमलं? त्याचं उत्तर मला त्यांच्या संगीताच्या रचनेतच सापडतं. म्हणून आधी ते संगीत काय आहे ते पाहू.

ब्लूग्रास हे मुळात एका गवताचं नाव. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात ते मुबलक, म्हणून त्या राज्यालाच ‘ब्लूग्रास स्टेट’ म्हणतात. या राज्यातल्या रोझीन नावाच्या लहानशा गावी १९११ साली बिल मन्रो यांचा जन्म झाला. दहाव्या वर्षी आई गेली, सोळाव्या वर्षी वडील. पोरका बिल काही काळ मामाकडे राहिला. मामाचं नाव पेन व्हॅन्डिव्हर. मामा फिडल वाजवायचे, आसपासच्या नाचगाण्यांना त्यांना बोलावणं असायचं, आणि साथीला भाचा असायचा. त्याच परिसरात आर्नल्ड शुल्ट्झ नावाचे एक कृष्णवर्णीय वादक होते. त्यांच्याकडून ब्लूजची ढब बिलच्या कानात बसली. स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या लोकांच्या नाचाच्या धुना, कृष्णवर्णीयांचं ब्लूज आणि गावच्या चर्चमधलं सामूहिक गाणं, असं सगळं मन्रो यांच्या संगीतात एकत्र आलं.

या संगीताला मोठं केलं ते रेडिओनं. नॅशव्हिल शहरात एका विमा कंपनीनं १९२५ साली रेडिओ केंद्र सुरू केलं. तिथल्या शनिवार रात्रीच्या कार्यक्रमाचं नाव पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ असं पडलं. १९३९ साली मन्रो या कार्यक्रमात दाखल झाले. आपल्या राज्याच्या आठवणीसाठी त्यांनी बँडचं नाव ठेवलं होतं ‘ब्लू ग्रास बॉईज’. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हा तरुण बँजोवादक त्यांच्याकडे आला आणि बँडचा रंगच पालटला. पुढे १९५० च्या दशकात लोक या धाटणीच्या संगीतालाच ‘ब्लूग्रास’ म्हणू लागले. एका बँडचं नाव एका अख्ख्या संगीतप्रकाराला मिळालं.

इथे बँजोबद्दल थोडं सांगायला हवं. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टी असते. ते वाद्य बुलबुल तरंगाच्या जातीचं, बटणं दाबून वाजवायचं. हा बँजो वेगळा. डफासारख्या गोल चौकटीवर ताणलेला पडदा, त्याला लांब मान आणि पाच तारा. त्याचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर अमेरिकेत आले. स्क्रग्ज तो अंगठा आणि दोन बोटांत नख्या चढवून वाजवत. तीन बोटं पाळीपाळीनं तारांवर पडत राहतात आणि सुरांची अशी धार लागते की एकच माणूस वाजवतो आहे यावर विश्वास बसत नाही.

ब्लूग्रासच्या ठरीव मेळात पाच वाद्यं: मेंडोलिन, बँजो, फिडल, गिटार आणि बास. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवण्याची ढब तेवढी निराळी. बास म्हणजे माणसाच्या उंचीचं, उभं धरून वाजवायचं तंतुवाद्य. गंमत अशी की यात ड्रम नसतो. मग ताल कोण धरतं? बास मात्रेवर ठोका देतो. दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या क्षणी मेंडोलिनवाला तारांवर झटका मारून लगेच बोटांनी त्या दाबतो. ‘चक्’ असा छोटा, कोरडा आवाज येतो. बासचा ‘धम्’ आणि मेंडोलिनचा ‘चक्’ मिळून ड्रमचं काम होतं. गिटार या दोघांना धरून ठेवते.

पाचांपैकी प्रत्येकाची पाळी येते. गायकाचं कडवं संपलं की फिडल पुढे येतं, नंतर बँजो, नंतर मेंडोलिन. एकजण पुढे आला की बाकीचे चौघे आवाज खाली घेतात. आपली पाळी संपण्याच्या आतच दुसऱ्यासाठी वाट मोकळी करायची असते. जो वादक सतत पुढेच राहतो, तो बोटांनी कितीही तयार असला तरी ब्लूग्रासमध्ये कच्चाच समजला जातो.

आता डेल मकूरींकडे येऊ. जन्म १ फेब्रुवारी १९३९ चा, पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क परगण्यातला. घरात थोरल्या भावानं एक ध्वनिमुद्रिका आणली. तिच्यात स्क्रग्ज यांचा बँजो होता. पोरानं तो ऐकला आणि ठरवलं, आपण हेच वाजवायचं. पुढे १९६३ साली खुद्द बिल मन्रो यांनी त्यांना नॅशव्हिलला बोलावलं. तिथे पोचल्यावर कळलं की बिल कीथ नावाचा आणखी एक बँजोवादकही आला आहे. मन्रो यांनी कीथला बँजोवर ठेवलं आणि डेलना सांगितलं, तू गिटार घे आणि गा. (कीथचीही एक गोष्ट आहे. बँडमध्ये ‘बिल’ एकच असणार, असं मन्रो यांचं म्हणणं, म्हणून त्याला ‘ब्रॅड’ म्हणून हाक मारू लागले!) विचार करा, ज्या वाद्यासाठी इतकी वर्षं बोटं झिजवली, ते ऐन वेळी हातातून गेलं. पण डेलनी गिटार धरली आणि त्यातून एक उंच, धारदार आवाजाचा गायक जगापुढे आला. त्या आवाजात डोंगरातल्या एकट्या घराची हुरहुर आहे, असं ऐकणाऱ्याला वाटतं.

मन्रो यांच्याकडे ते सुमारे वर्षभर राहिले. मग लग्न झालं, संसार आला. ब्लूग्रासवर पोट भरेल अशी परिस्थिती नव्हती. पेनसिल्व्हेनियात परतून त्यांनी लाकूडतोडीच्या धंद्यात काम धरलं. आठवडाभर झाडं आणि ओंडके, शनिवार-रविवारी गाणं. १९६८ साली त्यांचा पहिला अल्बम आला, ‘डेल मकूरी सिंग्ज ब्लूग्रास’. बरोबर ५० वर्षांनी, २०१८ साली, त्यांनी एका अल्बमला नाव दिलं ‘डेल मकूरी स्टिल सिंग्ज ब्लूग्रास’. मधल्या काळात काय झालं, ते या ‘स्टिल’ या एका शब्दात आलं: मी अजून गातो आहे.

मधल्या काळात झालं ते असं. रॉनी मेंडोलिन घेऊन बँडमध्ये आला. काही वर्षांनी रॉब आला, आधी बासवर आणि मग बँजोवर. वडिलांच्या हातून जे वाद्य गेलं होतं, ते धाकट्या मुलाच्या हाती आलं. १९९२ साली कुटुंब नॅशव्हिलला राहायला गेलं आणि तिथून या बँडचा खरा बहर सुरू झाला. तेव्हा डेल ५३ वर्षांचे होते. नोकरदार माणूस ज्या वयात निवृत्तीचे हिशेब मांडायला घेतो, त्या वयात त्यांनी नव्यानं डाव मांडला. रॉनीनं १९९३ पासून सलग आठ वर्षं उत्कृष्ट मेंडोलिनवादकाचा मान मिळवला. बँडच्या अल्बमना २००६ आणि २०१४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाले.

त्या काळात या बँडची एक गोष्ट फार गाजली, ती म्हणजे त्यांचा मायक्रोफोन. एव्हाना सगळीकडे प्रत्येक वाद्यापुढे वेगळा माइक आणि प्रेक्षागृहाच्या मागे बसलेला ध्वनितंत्रज्ञ, ही पद्धत रूढ झाली होती. कोणाचा आवाज मोठा, कोणाचा लहान, हे तो तंत्रज्ञ ठरवणार. मकूरींनी जुन्या रेडिओच्या दिवसांतली रीत परत आणली. मंचाच्या मध्यावर एकच मोठा माइक, आणि त्याच्याभोवती पाचही जण.

मी आत्ता अशाच एका मायक्रोफोनसमोर बसून तुमच्याशी बोलतो आहे. खुर्ची जरा मागे घेतली तर माझा आवाज तुमच्यापर्यंत लगेच क्षीण पोचेल. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ध्वनीची तीव्रता एक चतुर्थांशावर येते. म्हणजे माइकपासून एक फुटावरचा बँजो दोन फुटांवर गेला, की तीव्रता चौथाई झाली. आवाजाचं बटण इथे वादकाच्या पायात असतं! ज्याची पाळी तो एक पाऊल पुढे टाकतो. संपली की मागे सरतो, आणि त्याच क्षणी दुसरा त्याच्या खांद्याजवळून आत शिरतो. बासची मान, फिडलचा गज, बँजोची गोल चौकट, सगळं एकमेकांना न लागता फिरतं. तीन आवाजांचं धृपद आलं की तीन डोकी माइकजवळ एकत्र येतात. चूक झाली तर सावरायला मागे कुणी नाही. सगळी भिस्त एकमेकांच्या कानांवर आणि पावलांवर.

घरच्या माणसांच्या गाण्यात आणखी एक गोष्ट असते. अमेरिकेत तिला रक्ताच्या नात्याचा सूरमेळ म्हणतात. त्यात गूढ असं फारसं नाही. एकाच घरात वाढलेली माणसं शब्द एकाच पद्धतीनं उच्चारतात. त्यांचा ‘आ’ सारखाच उघडतो, ‘ओ’ सारखाच गोल होतो, श्वास घ्यायच्या जागाही जुळतात. गळ्यांची ठेवणही पुष्कळदा मिळतीजुळती असते. दोन आवाजांचे स्वर असे एकरूप झाले की त्यांतले बारीक उपस्वर एकमेकांत मिसळतात आणि ऐकणाऱ्याला दोघांचा मिळून तिसराच आवाज ऐकू आल्यासारखा वाटतो. आपल्या घरी आरतीला सख्खी भावंडं एका सुरात लागली की जे वाटतं, तेच हे.

पण नात्याचा मेळ नेहमी आयुष्यभर पुरतो असं नाही. चेरीहोम्स नावाच्या कुटुंबाची गोष्ट ऐका. कॅलिफोर्नियातलं घर, वडील सुतारकाम करणारे. १९९९ साली ऐन विशीतली थोरली मुलगी अचानक गेली. दुःखात बुडालेल्या घराला कुठेतरी बाहेर न्यावं, म्हणून आईवडील सगळ्यांना एका ब्लूग्रास महोत्सवाला घेऊन गेले. परत आले ते आपणही वाजवायचं असं ठरवूनच. आई, वडील आणि चार मुलं यांनी एकेक वाद्य वाटून घेतलं. सहा वर्षांत, २००५ साली, अमेरिकेतल्या ब्लूग्रास संघटनेनं त्यांना वर्षातले सर्वोत्कृष्ट कलावंत म्हणून गौरवलं. घर दुःखातून वर आलं ते गाण्याला धरून. आणि २०११ साली त्यांनी बँड थांबवला. मुलं मोठी झाली होती, प्रत्येकाला आपली वाट दिसू लागली होती. मला यात अपयश दिसत नाही. ज्या कामासाठी ते एकत्र आले होते, ते काम झालं होतं. पण एक गोष्ट खरी: कुटुंबाचा बँड म्हणजे मुलांचं तारुण्यही त्यात खर्च होतं. त्याचा हिशेब कधीतरी करावाच लागतो.

मकूरींच्या घरानं तो हिशेब वेगळ्या रीतीनं केला. वडिलांच्या बँडमध्ये राहूनच मुलांनी ‘ट्रॅव्हलिन मकूरीज’ नावाचा आपला दुसरा बँड काढला. त्यात वडील नाहीत. मुलांना रॉक संगीताची आवड. ग्रेटफुल डेडसारख्या रॉक बँडची गाणी ते ब्लूग्रासच्या वाद्यांवर वाजवू लागले. एखाद्या जुन्या वळणाच्या वडिलांनी म्हटलं असतं, हे आपल्या घरात चालणार नाही. डेलनी तसं म्हटलं नाही. २०१९ साली मुलांच्या या बँडला त्याच नावाच्या अल्बमसाठी स्वतंत्रपणे ग्रॅमी मिळालं. माइकसमोरून एक पाऊल मागे सरण्याची जी सवय मंचावर होती, तीच त्यांनी घरातही ठेवली.

डेलचा स्वतःचा कानही कधी बंद झाला नाही. १९९९ साली त्यांनी स्टीव्ह अर्ल या बंडखोर गीतकाराबरोबर ‘द माउंटन’ हा अल्बम केला. २००१ साली ‘डेल अँड द बॉईज’ या अल्बममध्ये त्यांनी इंग्लंडच्या रिचर्ड थॉम्सन यांचं एका मोटरसायकलविषयीचं गाणं घेतलं. त्यातल्या इंग्लंडमधल्या ठिकाणाऐवजी टेनेसीतल्या नॉक्सव्हिलचं नाव घातलं, आणि ते परदेशी गाणं डोंगरातलं होऊन गेलं. २०१६ साली वुडी गथ्री या थोर लोकगायकाच्या चाल न लागलेल्या कवितांना, त्यांच्या मुलीच्या विनंतीवरून, चाली दिल्या. वडीलच असे दारं उघडी ठेवत असतील, तर मुलांना बाहेर पडण्यासाठी भिंत फोडावी लागत नाही.

२०२४ च्या अल्बमकडे मी या पार्श्वभूमीवर पाहतो. त्यात पाहुणी गायिका म्हणून मॉली टटल आहे. ती तरुण पिढीतली नावाजलेली गिटारवादक. तिची सुरुवातही वडील आणि भावंडांबरोबरच्या कौटुंबिक बँडमधूनच झाली होती. आज ती स्वतःच्या नावानं ओळखली जाते. दोन निरनिराळ्या घरांतल्या दोन निरनिराळ्या वयांच्या माणसांनी असं शेजारी उभं राहून गाणं, हे मला या अल्बमचं मर्म वाटतं. या अल्बमनंतर, २०२५ मध्ये, १९९२ पासून या बँडमध्ये फिडल वाजवणारा जेसन कार्टर स्वतःच्या वाटेनं गेला आणि त्याच्या जागी नवा फिडलवादक उभा राहिला. हेही रीतीला धरूनच झालं.

कधी संधी मिळाली तर यांचं एक गाणं चार वेळा ऐका. पहिल्या वेळी फक्त बासचा ‘धम्’ आणि मेंडोलिनचा ‘चक्’ यांच्याकडे लक्ष द्या. दुसऱ्या वेळी, गायक गाऊ लागला की बँजो काय करतो ते ऐका. तो थांबत नाही, खालच्या तारांवर उतरतो आणि शब्दांना वाव देतो. तिसऱ्या वेळी धृपदातले तीन आवाज वेगवेगळे ओळखता येतात का पाहा. चौथ्या वेळी काहीच शोधू नका, नुसतं ऐका. ८५ वर्षांच्या गळ्यातल्या सुराला थोडा थकवा आहे की नाही, ते तुमचं तुम्हालाच ठरवू द्या. माझ्या कानाला तो आवाज वयाला लपवत नाही, आणि वयाला शरणही जात नाही.

आपल्या गाण्यात ‘जागा’ हा फार सुंदर शब्द आहे. गवयानं एखादी अवघड, गोड जागा घेतली की आपण दाद देतो. जागा घेणं शिकायला वर्षं लागतात. पण दुसऱ्याला जागा देणं, आणि ती वेळेवर देणं, याला त्याहून जास्त वर्षं लागत असावीत. एका लाकूडतोड्या गायकानं ते एका माइकभोवती उभं राहून साधलं. त्याच्या हातून गेलेला बँजो आज त्याच्या शेजारी, त्याच्या मुलाच्या हातात वाजतो आहे.